चार्टवर म्हैस नव्हती

कापूरहोळच्या फाट्यावर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची शाळा भरते. खाली दिवसभर पत्रे कापायचा आवाज, वर आम्ही. मी सीनियर केजीला शिकवते. लहान मुलांना शिकवायला फार प्रेमळ स्वभाव लागतो, असं लोक म्हणतात. माझा स्वभाव प्रेमळ नाही. मला मुलं आवडतात आणि मुलांभोवतीची बहुतेक मोठी माणसं आवडत नाहीत, एवढ्यावर माझी नोकरी चाललेली आहे.

आमचा अभ्यासक्रम पेटीतून येतो. दिल्लीकडच्या कुठल्याशा कंपनीची पेटी. तिच्यात चार्ट, फ्लॅशकार्ड, आणि टीचरनं कोणत्या वाक्यानंतर हसायचं इथपर्यंत सगळं छापलेलं पुस्तक असतं. या जानेवारीत ‘फार्म ॲनिमल्स’चं युनिट आलं. चार्टवर लाल रंगाचं लाकडी घर, त्याच्यापुढं गुलाबी डुक्कर, लोकरीची मेंढी, घोडा, पांढरी-काळी गाय, कोंबडा आणि टर्की. टर्की मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. मुख्य मॅडमनीही पाहिलेली नसणार, पण त्यांनी ती सगळ्यात मोठ्या जागी चिकटवायला लावली.

म्हैस नव्हती.

मी वरवे बुद्रुकची. गोठ्यात म्हैस आणि अंगणात शेणाचा पो, यातच वाढले. वर्गात बसलेली पोरं कुणाची? ढाब्यावाल्यांची, पंक्चरवाल्यांची, कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्यांची. निम्म्यांच्या गावाकडच्या घरी आजही दावणीला म्हैस आहे. म्हणून मी मॅडमना विचारलं, एक म्हशीचं चित्र आपणच काढून चार्टवर लावू का? त्या म्हणाल्या, पेटीबाहेरचं काही लावलं तर कंपनीचे लोक तपासणीला आले की बोलतात. शिवाय बफेलोचं स्पेलिंग या वयाला अवघड जातं. म्हैस दूध देते, शेण देते, घर चालवते, पण तिचं स्पेलिंग अवघड म्हणून ती फार्मवर नाही. मी गप्प बसले. नोकरीत मला सगळ्यात चांगलं जमतं ते हेच.

युनिटच्या पहिल्याच दिवशी मी पुस्तकातला प्रश्न विचारला, ‘‘व्हिच ॲनिमल गिव्ज अस मिल्क?’’ दुसऱ्या ओळीतली एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, ‘‘म्हस.’’

मी म्हटलं, काऊ. ती म्हणाली, गाईचं दूध पातळ असतं. वर्ग हसला. पुस्तकाप्रमाणे बरोबर उत्तराला वहीत स्टार चिकटवायचा असतो. तो दुसऱ्या मुलाला मिळाला. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, तिनं परत तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. हट्टी पोर. मला ती मनापासून आवडायला लागली.

ही मुलगी वेल्ह्याच्याही पलीकडची, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. बापाला हायवेच्या कडेला एका कारखान्यात काम मिळालं, पोरगी इंग्रजी शाळेत जावी म्हणून बिऱ्हाड फाट्यावर आलं. गॅरेजच्या मागं पत्र्याची एक खोली. खोलीच्या मालकानं आधीच बजावलं होतं, जनावर आणायचं नाही. वाडीत मागं बघायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हा म्हैस विकली. म्हणजे पोरीला इंग्रजीत जनावरांची नावं यावीत म्हणून घरातलं एकुलतं एक जनावर गेलं. हे तिच्या आईनं मला शाळेच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, अगदी साध्या आवाजात. ऐकताना माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कुणावर काढायची ते मला कळेना.

युनिटमध्ये एक ‘ब्रिंग अँड शेअर’ असतो. घरून प्राण्यांशी संबंधित वस्तू आणायची. कुणी कोंबडीचं पीस आणलं, कुणी दुधाची रिकामी पिशवी. या मुलीनं म्हैस बांधायचं दावं आणलं. अंबाडीचं, घट्ट वळलेलं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, गाठीपाशी एक पितळी घुंगरू ओवलेलं. तिच्या आजोबांनी वळलं होतं. त्याला म्हशीचा वास होता, आणि सगळा वर्ग नाक धरून त्या वासाभोवती गोळा झाला. मॅडम म्हणाल्या, छान, एथनिक आहे, फार्म कॉर्नरमध्ये ठेवा. पण शाळा सुटली की ती ते दप्तरात घालून घरी न्यायची आणि सकाळी पुन्हा आणायची. ठेवून जा म्हटलं तर मान हलवायची.

मी आईला विचारलं, एवढं काय आहे त्या दाव्यात? मला माहीत होतं. आमच्याकडेही तसंच मानतात. तरी मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘‘जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, बाई. घेणारा आपलं आणतो. दावं गेलं की गोठा गेला,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगी लई रडत हुती. मग म्या सांगितलं, दावं आपल्याकडं हाय तवर म्हस आपलीच. चरायला गेलीय म्हनायचं. यील.’’

मी म्हटलं, येईल का?

‘‘ही न्हाई तर दुसरी. गावाकडं परत गेलो की घिऊ की. दावं हाय ना.’’

म्हणजे आईचंही त्या दाव्यावर काहीतरी टांगलेलं होतं. पोरीचं तर सगळंच.

महिन्याच्या शेवटी फार्म व्हिजिट ठरली. आजूबाजूला कुणाच्याही शेतात पाच मिनिटांत जाता आलं असतं. फाट्यावरून खाली उतरलं की गोठे सुरू होतात. पण मॅडमनी वेल्ह्याच्या रस्त्याचं एक कृषी पर्यटन केंद्र निवडलं, कारण तिथं स्वच्छतागृह आहे आणि फोटो चांगले येतात. तेव्हा शेतकऱ्यांच्या घरातली पोरं व्हॅनमध्ये भरून, पुण्याच्या लोकांसाठी मांडलेलं शेत बघायला आम्ही निघालो. व्हॅनमध्ये सगळी ओरडत होती. ती मुलगी खिडकीतून डोंगर बघत होती. गावाकडचा रस्ता तिनं ओळखला होता. तिनं मला विचारलं, आपण घरी चाललो का? मी नाही म्हटलं.

केंद्रात धोतर-टोपी घातलेला एक तरुण पुढं आला. धोतर हा तिथला गणवेश होता, कमरेला मोबाईल होता. त्यानं ससे दाखवले, बदकं दाखवली, घोड्यावर बसवून एकेक चक्कर मारली. मग म्हणाला, आता सगळ्यात गरीब जनावर, हिला कुणीही हात लावा, काही करत नाही. शेडमध्ये एक म्हैस बांधली होती. धुऊन लख्ख केलेली, शिंगांना लाल ऑइलपेंट, गळ्यात प्लॅस्टिकच्या मण्यांची माळ, पायाशी सिमेंटची फरशी. कपाळावर पांढरा ठिपका, आणि एक शिंग कानाच्या खाली वळलेलं.

मला काही कळायच्या आत मागून आवाज आला. जिभेनं टाळूवर मारतात तसा, टक्, टक्. म्हशीनं रवंथ थांबवला. कान फिरवले. मग मान वळवून, साखळी ताणून ती आमच्या रांगेकडं बघायला लागली.

पेटीतल्या पुस्तकात प्रत्येक जनावर काय आवाज काढतं ते छापलेलं आहे. आपण त्याला कसं बोलवायचं, ते कुठंच नाही.

पोरगी रांग सोडून धावली. दप्तराची चेन उघडून तिनं दावं काढलं, म्हशीनं मान खाली घातली, आणि त्या एवढ्याशा हातांनी तिनं ते मानेभोवती घालून गाठ मारली. तिची गाठ सुटत नाही, हे मी फार्म कॉर्नरमध्ये पाहिलं होतं. मॅडम हरखल्या. त्यांनी मोबाईल काढला आणि त्या तरुणाला म्हणाल्या, साखळी सोडा ना जरा, किती गोड दिसतंय. त्यानं सोडली. मुलगी दावं धरून पुढं, म्हैस मागं, आणि घुंगराच्या आवाजावर टाळ्या वाजवत आमचा सगळा वर्ग तिच्या मागं. सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे.

ती हसत नव्हती. सरळ फाटकाकडं चालली होती. फाटकातून डावीकडं वळलं की वाडीचा रस्ता लागतो. मॅडमना व्हिडिओत ते दिसणार नव्हतं, मला स्वच्छ दिसत होतं.

फाटकात त्या तरुणानं हसत हसत दावं धरलं. आता बस, बाळा, म्हणाला. पोरीनं दाव्याचं टोक दोन्ही हातांनी आवळलं आणि माझ्याकडं वळून बघितलं.

‘‘टीचर, सांगा की यास्नी. दावं आमचंय.’’

एवढंच. रडली नाही की आरडाओरडा केला नाही. तिच्याकडं पुरावा होता आणि तो समजणारं तिथं मी एकटी माणूस होते. मी त्या तरुणाला बाजूला घेऊन सांगितलं की ही हिचीच म्हैस. तो बिचारा अवघडला. व्यापाऱ्याकडून घेतलीय, म्हणाला, मालकांना गरीब स्वभावाचीच पाहिजे होती. त्यात खोटं काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हाऊ स्वीट, पण आपल्याला उशीर होतोय. शेवटी मीच तिला उचललं. दाव्याचं टोक तिच्या हातून सुटलं, ती लाथा झाडत होती आणि मी तिला घट्ट धरून व्हॅनकडं नेत होते. बाकीच्या पोरांना चढवणं, मोजणं, बाटल्या गोळा करणं यात माझं मागं लक्ष राहिलं नाही. तेवढ्यात व्हॅनमध्ये मॅडमनी पोरीची समजूत घातली होती, की दोरी म्हशीकडंच राहू दे, म्हणजे म्हैस हरवणार नाही.

व्हॅन नसरापूरच्या अलीकडं आली तेव्हा मला उघडं दप्तर दिसलं. मी म्हटलं, गाडी मागं घ्या. का ते सांगितलं. मॅडमना खरोखर समजलं नाही. ‘‘अहो, दोरीच ना? नवीन घेऊन देऊ तिला.’’ ड्रायव्हरला समजलं होतं, त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. पण त्याचा पगारही त्याच करतात.

पोरगी माझ्या मांडीवर होती. तिनं विचारलं, ‘‘दावं तिच्याकडं राह्यलं. मंग आता ती कुनाची?’’

मी तिच्या उघड्या दप्तराची चेन लावली. लहान मुलांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं पुन्हा त्या केंद्रावर गेले. दावं म्हशीच्या गळ्यात नव्हतं. तिला परत साखळी होती. दावं सेल्फी पॉइंटवर होतं, रंगवलेल्या बैलगाडीच्या चाकाला वेढे देऊन गुंडाळलेलं, घुंगरू पुढं दिसेल असं. पुण्याची एक बाई त्याला हात लावून फोटो काढत होती. मी मॅनेजरला भेटले, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, आमच्याकडं ओरिजिनल असं तेवढंच एक आहे, पाहुण्यांना आवडतं, तरी मालकांना विचारतो. बदल्यात दुसरं आणून देते म्हटलं. विचारतो, म्हणाला. त्यानं माझा नंबर घेतला. अजून विचारतोच आहे.

आईला सांगायचं काम माझ्यावरच आलं. पुन्हा तोच जिना. मी म्हटलं, मी प्रयत्न करतेय, मिळेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या, बाई. म्हस हाय तितंच दावं गेलं. म्हंजी गेलीच ती आता.’’ माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. उलट तीच मला म्हणाली की पोरगी आता घरी रडत नाही, म्हशीचं नावही काढत नाही, शाळेत लक्ष देते का?

देत होती. तो व्हिडिओ आमच्या शाळेच्या स्टेटसला चार दिवस होता, आणि आता ॲडमिशनचा फ्लेक्स फाट्यावर लागलाय. त्यावर ती, म्हैस आणि घुंगराचं दावं. खाली लिहिलंय, ‘मातीशी नातं जपणारं इंग्रजी शिक्षण’. एसटीतून उतरलं की पहिला तोच दिसतो. रोज सकाळी मला त्याच्याखालूनच जावं लागतं.

युनिट संपलं की तोंडी परीक्षा असते. मॅडम शेजारी बसल्या होत्या. मी चार्ट समोर धरला आणि पुस्तकातला प्रश्न विचारला, ‘‘व्हिच ॲनिमल गिव्ज अस मिल्क?’’ मला मनातून वाटत होतं की तिनं पुन्हा तेच म्हणावं. नापास व्हावं, पण तेच म्हणावं.

तिनं चार्ट नीट बघितला. लाल घर, डुक्कर, मेंढी, टर्की. मग पांढऱ्या-काळ्या गाईवर बोट ठेवलं.

‘‘काऊ,’’ ती म्हणाली.

मॅडम व्हेरी गुड म्हणाल्या. मी तिच्या वहीत स्टार चिकटवला. या युनिटमधला तिचा तो पहिलाच.