आत्या आणि टेबलाखालचा दिवा

आत्या तरुणपणी रक्ततपासणीच्या नोकरीवरून भावाशी भांडली, तेव्हा नवी वहिनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. भाऊ गरजला, "लोकांचं रक्त बाटल्यांत घालून हिंडणार? घराची अब्रू आहे काही?" आत्या शांतपणे म्हणाली, "आधी तुझंच तपासते. रक्त आहे की नुसता रागच भरलाय ते कळेल." वहिनीला हसू दाबता दाबता ठसका लागला.

पुढे आत्याने दवाखान्यातच जन्म काढला. मोठ्या रुग्णालयाला रिपोर्ट पोचवायचं काम तिचं. ते रुग्णालय गावाबाहेर गेलं तसा कॉम्प्युटर आला, पण आत्याची शिस्त इस्त्रीचीच राहिली, काम झालं की वायर काढायची. निघताना इंटरनेटची वायर टेबलाखालच्या डब्यामागून उपसायची, वेटोळं करून खणात ठेवायची. लावून ठेवली तर त्यातून काहीतरी गळत राहील, अशी तिची समजूत.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी वायर लावली, तर पडद्यावर लाल फुली. बाहेर बाकावर एक आई बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लेकीचं ऑपरेशन. रक्ताचा रिपोर्ट आज गेला नाही, तर ते लांबणार होतं.

आत्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फुली ढिम्म. इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, वायरीपाशी दिवा लागतोय का बघा. आत्या टेबलाखाली वाकली, तर लागलेला. उठून बघते, तर फुली तशीच. पुन्हा वाकली, दिवा. पुन्हा उठली, फुली. तिचं डोकं पार भंजाळलं. फोनवर म्हणाली, "मी बघितलं तरच लागतो मेला. लाजतो की काय?" त्या माणसालाही काही सुधरेना.

शेवटी दवाखान्यातला कंपाउंडर वाकून बघत म्हणाला, "मोठ्याबाई, बघताना तुमचा हात कुठे असतो?"

हात वायरीवर होता. रोज उपसून उपसून टोकाची प्लास्टिकची खिट्टी मोडली होती. दाबून धरली की वायर बसायची, सोडली की निसटायची.

"म्हणजे मीच मोडली?"

"मग कोण? तिला हात लावायची आमची टाप होती का?"

आत्या टेबलाखाली फतकल मारून बसली, वायर अंगठ्याने दाबून. वर कंपाउंडरने बटण दाबलं. अंगठा बधिर झाला, गुडघे बोंबलले, आणि या टोकातून जातं तरी काय, हे कोडं काही सुटेना. एकदाचं पोचल्याचं उत्तर आलं.

रिपोर्ट पोचला की आत्या स्वतः उठून बाकापर्यंत जायची. खिडकीतून ओरडून तिने कधी सांगितलं नाही. आजही गुडघ्यांवरची धूळ झटकत गेली, त्या आईशेजारी टेकली.

"पोचला. सकाळी उपाशीपोटी आणा म्हणालेत. आता घरी जा, लेकीजवळ बसा."