उचलायची शिकवणी

माझ्या वयाच्या बाईने जिममध्ये जावं ही कल्पना मुलीची. तिने बंगळुरूला बसून फी भरून टाकली आणि मग मला फोन केला. मी चिडले. पण यांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. डावी बाजू गेली होती. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून गॅलरीत, एवढाच यांचा प्रवास उरला होता आणि तोही माझ्याच्याने होत नव्हता. नर्सिंग ब्यूरोतून माणूस आणला तर हे अंग ताठ करायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे. यांना माझेच हात हवे होते, आणि माझ्या हातांत बळ नव्हतं. म्हणून गेले.

जिम म्हणजे फिटनेस स्टुडिओ, आमच्या लालबागलाच, मसाल्याच्या दुकानांच्या वर. खिडक्या बंद, एसी चालू, तरी खालून मिरचीचा खकाणा यायचाच. भारी कपडे घातलेली माणसं आरशासमोर वजनं उचलत शिंकत असायची. मला पर्सनल ट्रेनर मिळाला तो काळाचौकीचा, माझ्या मुलीहून लहान. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "काकी, गोल काय तुमचा?"

घरचं आजारपण चारचौघांत बोलायची आम्हाला सवय नाही. मी म्हटलं, "वजन कमी करायचंय." झालं. त्याने माझा भात बंद केला आणि मला ट्रेडमिलवर चढवलं. मी बारीक झाले. बिल्डिंगमधल्या बायका थांबवून कौतुक करायला लागल्या. हे मात्र पलंगावरच होते.

मग एका सकाळी मी यांना पाडलं. अर्ध्यात आणलं होतं, खुर्ची हातभर लांब होती, आणि माझा पाय यांच्या पायाला लागला. पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात नवऱ्याचा पाय. हात आपोआप सुटला, पायाकडे गेला आणि हे जमिनीवर. शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. लागलं फारसं नाही, पण शेजारी येईपर्यंत हे लादीवर पडून छताकडे बघत राहिले, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आपण या माणसाच्या काही कामाच्या उरलो नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. तिन्ही बाजूंना आरसे, त्यामुळे स्वतःचं ते ध्यान तिन्ही बाजूंनी बघावं लागलं. तो बाकावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मला उचला. डावी साइड मी एकदम ढिली सोडतो."

परक्या पुरुषाच्या काखेत हात घालायचे, तेही सगळ्यांसमोर. घातले. "आता तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लावा. पायाने माझा पाय अडवून धरा." पाय लागला आणि माझा हात निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याला हसू आलं.

"हसायला काय झालं?" मी म्हटलं.

"सॉरी काकी. पण हात नाय सोडायचा. आधी माणूस बसवा, नमस्कार मग करा. देव थांबेल तेवढा."

ते शिकायला मला पावसाळा गेला. भात परत सुरू झाला. वाळूची पिशवी, लोखंड, मग पुन्हा तो स्वतः. गणपतीनंतर एका सकाळी मी यांना उचललं, फिरवलं, खुर्चीत बसवलं आणि गॅलरीत नेलं. मग वाकून यांच्या पायाला हात लावला. वर बघितलं ते शाबासकीसाठीच, खोटं कशाला बोलू.

हे खाली गल्लीत बघत होते. मिरच्यांची पोती उतरत होती. जीभ जड झाली होती तरी शब्द कळत होते. "तुझी ताकद नाय वाढली गो," हे म्हणाले. "मी हलको झालंय."

खरं होतं. रोज आंघोळ घालताना बरगड्या माझ्याच हाताला लागत होत्या. यांचा भात ताटात तसाच राहत होता. डॉक्टर म्हणाले होते, जाईल तेवढं भरवा. मला कळत होतं, पण उचलता यायला लागलं या आनंदात मी ते बाजूला सारलं होतं. त्या सकाळी ते सगळं एकदम अंगावर आलं. मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पुढे काय, हे ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं.

स्टुडिओत मी फक्त उचलल्याचं सांगितलं. ट्रेनरने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "आता वजन वाढवूया," म्हणत त्याने मोठी पिशवी ओढली. ती मी उचलली. कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही सांगता आलं नसतं. अजून जाते. तो एक तास घरात बसवत नाही, एवढंच.

रोज सकाळी यांना उचलते. आता मुद्दाम धापा टाकते, मध्येच थांबते, "किती जड झालात हो," म्हणते. सुरुवातीला हे म्हणायचे, "नाटकां करू नको." हल्ली म्हणत नाहीत. मी धापा टाकायला लागले की अंग सैल सोडतात आणि जमेल तेवढे जड होतात.