चीनच्या बोटी आणि आमचे व्याही

माझे वडील मिरजगावचे, निवृत्त शिक्षक. सासरे पारनेरकडचे शेतकरी, त्यांना मी मामा म्हणते. दोघांनीही समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही चपला हातात घेऊन, काठावरून. तरी गेल्या ईस्टरला नगरच्या आमच्या घरात दोघं भांडले ते मासेमारीच्या बोटींवरून. भारताकडे जास्त की चीनकडे!

चर्चमधून येऊन सगळे जेवायला बसलो होतो. ताटात उजनीचा मासा होता. तो पाहून पप्पांना टीव्हीवरची कसलीशी चर्चा आठवली. "चीनएवढा मासेमारीचा ताफा जगात कुणाचा नाही," ते म्हणाले.

मामांनी घास खाली ठेवला. "आपल्याकडं गुजरातपास्नं बंगालपतोर कोळी हायेत. घरटी एक होडी धरली तरी चीन मागं पडंल."

"व्याहीबुवा, होडी वेगळी, जहाज वेगळं. त्यांची जहाजं महिनोन्‌महिने घरी येत नाहीत."

"येतच न्हाईत, तर मोजली कुनी?"

माझा नवरा खो-खो हसला. पप्पांना ते झोंबलं. "अडाण्यांशी बोलण्यात अर्थ नाही," ते बोलून गेले. मामा उठले, हात धुतले, टोपी घातली आणि सरळ एसटी स्टँड गाठला. भात तसाच राहिला.

एकदाचा निकाल लावावा म्हणून मी मोबाईल घेऊन बसले. एका ठिकाणी फक्त इंजिनच्या बोटी मोजलेल्या, दुसरीकडे वल्ह्याच्याही, तिसरीकडे नुसती खोल समुद्रातली जहाजं. मी पाहिलं तिथं चीन पुढं होता, पण नेमका किती, ते जुळेना. मामांना फोन केला, तर म्हणाले, "ल्हान होड्या धरल्यात का त्यात?" पप्पांना म्हटलं, "चीन पुढं आहे, पण आकड्यांचा मेळ नाही." तर ते म्हणाले, "म्हणजे तूही सासरच्याच बाजूची!" मी कपाळाला हात लावला.

मग अबोला. सगळे निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या वडलास्नी सांग, कांदा धाडलाय." "तुझ्या सासऱ्यांना सांग, पोचला." नोकरी बँकेत, घरी येऊन हे टपाल वाटायचं!

पावसाळ्यात पप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला ठरलं. नवरा परगावी, मला रजा मिळेना. कुणी न सांगता मामाच सकाळच्या गाडीने आले आणि पप्पांना दवाखान्यात घेऊन गेले.

दुपारी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गेले, तर आवाज बाहेरपर्यंत. पप्पांच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं तसंही धड दिसत नव्हतं. मामा गावाहून जपून आणलेला पेपर बोट ठेवून वाचत होते. बातमी कसली, तर बोटींची.

"मधलं गाळू नका, व्याहीबुवा."

"गाळलं न्हाई. शाई पुसलीया हितं."

"चीनचं नाव आलं की बरी शाई पुसते!"

नर्स वैतागून म्हणाली, "ताई, तुमच्या माणसांना समजवा हो. दोनदा सांगून झालं."

कुणी कुणाची माफी मागितली, असं मी विचारलं. "कशाची?" पप्पा म्हणाले. मामांनीही मान हलवली. मी डबा उघडून पुढं केला, तर दोघं एकदमच खेकसले, "थांब गं जरा!"

थांबते कशाला! बाहेरच्या बाकावर बसून मी माझ्या वाटणीची पोळी-भाजी खाऊन घेतली.