धाकटीचं चार्जिंग

गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने एकाच दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे फोन घेतले. दुकानदाराने दोन खोके पुढे ठेवले आणि धाकटीने आधी हात घातला. लहानपणापासून तीच आधी हात घालते, मग ती शेवेची वाटी असो नाहीतर खिडकीजवळची जागा. उरलेला फोन माझा.

थोड्याच दिवसांत माझ्या फोनने रंग दाखवले. सकाळी फुल्ल चार्ज करून अंबडला कामावर जायचे आणि संध्याकाळी सुटताना बघावं तर बंद. धाकटीचा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचा. ती घरीच ब्लाऊज शिवते, मशीनशेजारी दिवसभर गाणी लावून ठेवते, तरीही. "तुझाच असा कसा गं?" असं ती विचारायची, आणि तिच्या आवाजातली काळजी मला अजिबात सहन व्हायची नाही.

नुसत्या फोनचा प्रश्न असता तर मी गप्प बसले असते. पण आई होती ना मध्ये. आई गावाहून झेंडू आणि मेथी-कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या बाजारात येते आणि माल संपला की घरी जाताना पिकअपमध्ये बसून फोन करते. हा फोन वर्षानुवर्षं मला यायचा. कोणी भाव पाडला, कोण कोणाशी भांडलं, वहिनी काय म्हणाली, सगळं आधी मला. आता माझा लागेना म्हणून ती धाकटीला लावायला लागली. रविवारी भेटलो की धाकटी म्हणायची, "अगं, आईचा गुडघा परत दुखतोय, तुला माहीत नाही?" मला माहीत नसायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग मी फोनच्या हात धुऊन मागे लागले. ब्राइटनेस कमी केला, लोकेशन बंद केलं, निम्मी ॲप उडवली, देवाचा फोटो काढून काळा वॉलपेपर लावला. काडीचा फरक नाही. शेवटी माझी खात्रीच झाली की धाकटीने चांगला पीस पळवलाय. तिच्या घरी जाऊन म्हटलं, "दोन दिवस अदलाबदल करू." तिने हसत हसत सिमकार्ड काढून फोन दिला. हसली म्हणून मला आणखी राग आला.

दोन्ही दिवस तिचा फोन माझ्याकडे संध्याकाळी मेला आणि माझा तिच्याकडे मजेत चालला. म्हणजे फोनमध्ये दोष नव्हता. बरं वाटायला हवं होतं, पण मला वाईटच वाटलं. आता धाकटीवर चिडायला काही कारणच उरलं नाही.

फोन परत घेतल्यावर एकदा सुटताना लॉकर उघडलं, तर फोनमध्ये थोडी धुगधुगी होती आणि तो हाताला चांगला गरम लागला. सकाळपासून त्याला कोणी शिवलं नव्हतं. आमच्या कंपनीत फोटो काढायला बंदी आहे, म्हणून सगळ्यांचे फोन गेटपाशी पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचे. आत रेंजचा एक दांडाही येत नाही. बिचारा दिवसभर रेंज शोधून शोधून दमत होता. जुना फोन मी आत टाकण्याआधी बंद करायचे. हा नवा, भारीतला. आईचा मिस्ड कॉल तरी दिसेल म्हणून चालू ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी फ्लाइट मोडवर टाकून ठेवला. संध्याकाळी ऐंशी टक्के. गेटवरच मोड काढला, आवाज मोठा केला आणि फोन हातात धरून बसमध्ये चढले. दोन-तीन स्टॉप गेले तरी वाजेना. मग मीच लावला. बिझी. परत लावला, परत बिझी. तिसऱ्यांदा आईने उचलला.

"काय गं, बरी हाय ना? आज तुझा कसा काय फोन?"

"बरी आहे. माझा फोन नीट झाला आई. आता मला लावत जा. गुडघा कसा आहे?"

"आत्ताच धाकटीला सगळं सांगितलं बघ. तिलाच इचार. गाडीत लय आवाज येतो, परत कुठं सांगत बसू?"

तिने फोन ठेवला. मी बसमध्ये उभ्या उभ्या चार्जिंग बघितलं. रात्रभर बोललो असतो तरी पुरलं असतं.