गुरुजींचे साक्षीदार

हातखंब्याच्या सहदेव गुरुजींना मृत्युपत्रावर ऐरागैरा साक्षीदार चालत नसे. मान असलेले म्हातारेच लागत. म्हातारे ऐटीत सही करत आणि वर्षभरात जात. मग गुरुजी नवे म्हातारे गाठून नवं मृत्युपत्र करत. अशी तीन मृत्युपत्रं झाली, सहा साक्षीदार स्मशानात पोचले, गुरुजी मात्र ऐंशीतही ठणठणीत! गावात बोभाटा झाला. गुरुजी दिसले की लोक मागच्या दाराने सटकू लागले.

चौथ्या वेळी गुरुजींनी बायकोपुढेच पेन धरलं. "कमला, तू सही कर."

कमलाबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "घर थोरल्याला, आंब्याची कलमं धाकट्याला. तीन मृत्युपत्रांत माझं नाव कुठे नव्हतं. आता घालताय, ते थेट मरणाऱ्यांच्या यादीत?"