निवडणुकीतला फोटो

बाबांच्या फोटोला हार घातलाय, आणि फोटोत बाबा हात जोडून हसताहेत. हा फोटो नगरपालिकेच्या निवडणुकीतला. एरवी कॅमेरा दिसला की त्यांचा चेहरा ताठ व्हायचा. प्रचाराच्या पत्रकासाठी म्हणून स्टुडिओवाल्याने त्यांना बळेच हसवलं होतं. आई म्हणाली, "हाच लाव. यातच ते हसलेत."

अपक्ष उभे राहिले, ते वॉर्डात नळाला गढूळ पाणी येतं म्हणून. उन्हातान्हात दारोदार हिंडले आणि सपशेल पडले. डिपॉझिटही गेलं. त्यानंतर या गल्लीतून ते मान खाली घालूनच चालले, शेवटपर्यंत.

आज तीच गल्ली भेटायला येतेय. जो तो फोटोसमोर हात जोडतो आणि आईजवळ येऊन हळूच म्हणतो, "वहिनी, आमचं मत त्यांनाच होतं हं." आई मान डोलावते. एक मत द्यायला एवढं काय जड जातं माणसाला? आणि गेल्यावर बघा, कसं भरभरून देतात!

शेवटचे शेजारी उठून गेले. आईने फोटोवरचा कललेला हार सारखा केला आणि म्हणाली, "ऐकलंत ना? आलात हो निवडून."