चेहऱ्यासकट जखम

अमडापूरच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता आमच्या आत्याबाई चक्कर येऊन पडल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हृदयाचे ठोके मंदावलेत असं निघालं आणि संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्या डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला गेला. घरी सोडताना सूचना मिळाल्या. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जखम भिजवायची नाही, आणि उगाच इतक्या लांब येत बसायचं नाही. पट्टी निघाली की दिवसाआड जखमेचा फोटो काढून दवाखान्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचा, डॉक्टर तिकडून बघतील.

ही शेवटची सूचना माझ्या नवऱ्याला फार पटली. ह्यांचं गावात कृषी केंद्र आहे. शेतकरी सोयाबीनच्या पानांचे फोटो पाठवतात आणि हे दुकानात बसल्या बसल्या रोग ओळखून औषध सांगतात. पानाचं होतं तर माणसाचंही होणार, यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. शिवाय नुकताच नवा फोन घेतलेला होता, त्याच्या कॅमेऱ्याचं कौतुक करायला आजवर घरात तसं कारण मिळालं नव्हतं.

पहिला फोटो मी काढला. आत्याबाईंना खिडकीजवळ बसवलं, ब्लाउजची दोन बटणं सोडली आणि फोन जखमेसमोर धरला. हे आईकडे पाठ करून उभे होते आणि भिंतीकडे बघत मला उजेड कुठून घ्यायचा ते सांगत होते. फोटो स्वच्छ आला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

“हे कोनाचं हाय?” त्यांनी विचारलं.

तुमचंच, मी म्हटलं.

“कोनाचंबी असू शकते. तोंड कुठं हाय याच्यात? बिनमुंडक्याची बाई पाठवता का डॉक्टरले?”

मी समजावून पाहिलं की डॉक्टरला फक्त जखम बघायची आहे. त्यांना ते मान्य नव्हतं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात किती लोकांना यंत्रं बसवलेली असतील, एकाची जखम दुसऱ्याच्या नावावर गेली तर गोळ्याही दुसऱ्याच्याच येतील, असं त्यांचं म्हणणं. आणि तोंडाशिवाय नुसतं उघडं अंग कुणा परपुरुषाच्या फोनवर जाणं त्यांना सभ्यपणाचं वाटत नव्हतं. तोंड असलं की ती पेशंट असते, नसलं की काय असते ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं.

मग चेहऱ्यासकट जखम असा फोटो ठरला. आता चेहरा जाणार म्हटल्यावर तेल आलं, वेणी आली, ठेवणीतलं पातळ आलं. डोक्यावर पदर घेऊन, जखमेपुरता खांदा उघडा ठेवून, आत्याबाई मतदान कार्डाच्या फोटोला बसतात तशा ताठ बसल्या. मी फोटो काढला, ह्यांनी पाठवला आणि तो पोचल्याची खूण उमटते न उमटते तोच उत्तर आलं. आपली जखम उत्तम प्रकारे भरत आहे, असंच सहकार्य ठेवा. खाली जोडलेले हात.

कोणी लिहिलं, आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टरसाहेबांनी, हे म्हणाले. आत्याबाईंच्या मनात त्या डॉक्टरबद्दल माया उत्पन्न झाली. एवढ्या कामात माणूस आपल्याकडे लक्ष ठेवून आहे म्हणाल्या.

पुढे दिवसाआड हा सोहळा होऊ लागला. सकाळपासून तयारी असे. त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला तरी कुणी बोलत नसे. फोटोही एकाहून एक सरस येत होते. आत्याबाई त्यात स्वतःच्याच धाकट्या बहिणीसारख्या दिसायच्या. त्यातला एक फोटो साखरखेर्ड्याला राहणाऱ्या त्यांच्या खऱ्या धाकट्या बहिणीला गेला, तेव्हा मावशींचा लगेच फोन आला. यंत्रानं तोंडावर चांगलंच तेज आलं, असं त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यासाठी असं काही बसवतात का याची चौकशी करायला सांगितली. भेटायला येणाऱ्यांना आमच्याकडे आधी फोटो दाखवला जाई, नंतर आत्याबाई.

एका दुपारी त्यांचा ब्लाउज बदलताना मला जखमेच्या खालच्या टोकाशी लाली दिसली. बोट टेकवलं तर ती जागा गरम होती, थोडी फुगलेलीही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की दोन-चार दिवसांपासून ठणकतं, पण डॉक्टर चांगलं म्हणतो तर ते भरण्याचंच ठणकणं असेल.

मी ह्यांना दुकानातून बोलावून घेतलं. त्यांनी आईच्या खांद्याकडे ओझरतं पाहिलं, मग फोन काढून आदल्या दिवशीचा फोटो मोठा केला आणि मला दाखवला. कातडी दुधासारखी, मध्ये पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक रेघ.

“याच्यात कुठं हाय लाल?” ते म्हणाले. “डॉक्टरनं पाह्यलं, चांगलं मनून लिवलं. तुले जास्त समजते काय?”

मी म्हटलं, फोटोत नसेल, अंगावर आहे. पण समोर बसलेल्या आईपेक्षा फोनमधली आई त्यांना जास्त पटत होती, आणि खरं सांगायचं तर खुद्द आत्याबाईंनाही. दोघं मिळून मला समजावू लागले की मी उगाच घाबरते आहे.

मी फोन हातात घेऊन तो फोटो बघत राहिले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. आत्याबाईंच्या उजव्या गालावर हरभऱ्याएवढी चामखीळ आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. फोटोत ती नव्हती. कपाळावरच्या आठ्या नव्हत्या, गळ्याच्या सुरकुत्या नव्हत्या.

मी फोन ह्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, “चामखिळीचं ऑपरेशन कधी झालं?”

ह्यांनी फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मी फक्त जखमेचा, बिनमुंडक्याचा फोटो काढला, आणि या वेळी आत्याबाईंनी हरकत घेतली नाही. लाली जशीच्या तशी आली. फोटोखाली मी लिहिलं की जखम गरम लागते आणि ठणकते. उत्तर नेहमीप्रमाणे ताबडतोब आलं की जखम उत्तम प्रकारे भरत आहे. मी सरळ दवाखान्यात फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक बाई भेटल्या. त्यांनी माणसाच्या डोळ्यांनी तो फोटो पाहिला आणि उद्याच घेऊन या म्हणाल्या. त्या संध्याकाळी पानाचा फोटो दाखवायला आलेल्या एका शेतकऱ्याला ह्यांनी रोपच उपटून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्याची गाडी करून चिखली, देऊळगाव राजा, जालना असे आम्ही संभाजीनगरला पोचलो. डॉक्टर तरुण होते. संगणकावर त्यांनी आमचे सगळे फोटो उघडले आणि विचारलं की या कोण. मीच, आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी ह्यांच्याकडून फोन मागितला, कॅमेऱ्यात काहीतरी दाबून पाहिलं आणि सांगितलं की फोटोत चेहरा दिसला की हा फोन कातडी आपोआप गुळगुळीत करतो, चेहऱ्याबरोबर जखमही. आठवड्यातून एकदा आपण हे फोटो पाहत होतो, ते म्हणाले, आणि जखम फार सुंदर आहे असं आपल्यालाही वाटलं होतं.

आतला एक टाका विरघळला नव्हता. त्याचं टोक वर येऊन तिथं पू धरला होता. यंत्रापर्यंत काही गेलं नव्हतं, पण आणखी थांबला असतात तर गेलं असतं, असं ते म्हणाले. त्यांनी दोरा काढला, जागा साफ केली, गोळ्या लिहून दिल्या. आत्याबाईंनी हूं की चूं केलं नाही. पट्टी झाल्यावर पदर सारखा करत त्यांनी विचारलं, “साहेब, दिवसाआड लिवत होते ते तुमीच ना?”

“नाही आजी,” डॉक्टर म्हणाले, “ते आपोआप जातं.”

“मी तं तुमच्यासाठी येनी घालून बसत होती,” आत्याबाई म्हणाल्या.

इतके दिवस त्या वेणीला मी मनातल्या मनात हसत होते. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि पट्टी बदलायला आता फोटो नको, चिखलीला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे स्वतः जात जा, असं सांगितलं. परत येताना जालना गेलं तरी आत्याबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. हे मागं वळून पाणी पाहिजे का, चहा पाहिजे का विचारत होते. एरवी ते कधी विचारत नाहीत.

चिखलीच्या पहिल्या खेपेला आत्याबाईंनी वेणी घातली, ठेवणीतलंच पातळ नेसल्या. तिथले डॉक्टर वयस्कर आणि तिरसट होते. उत्तम वगैरे काही म्हणाले नाहीत. जखमेभोवती बोटानं दाबत इथं दुखतं का, इथं का, असं विचारत गेले, आणि आत्याबाई प्रत्येक ठिकाणचं सविस्तर सांगत गेल्या. मागे रांग खोळंबली होती. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की डॉक्टर कुरकुऱ्या आहे, पण पुढच्या वेळीही याच्याकडेच यायचं. आम्ही यष्टी स्टँडवर येऊन थांबलो, आणि त्यांनी रसवंतीवर उसाचा रस मागितला, बिनबर्फाचा.